गॅसबाईंच्या घरचं पाणी

बाईंच्या घरी पाहुणा टिकत नसे. उंबऱ्याच्या आत आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, ही आपल्याकडची रीत आहे. भांडायला आलेल्यालासुद्धा लोक आधी तांब्या पुढं करतात, मग भांडतात. बाईही करायच्या. पण पेला पुढं धरताना, वर्गात धडा सुरू करावा तशा स्वच्छ आवाजात सांगायच्या, "हे शेणातून काढलेलं पाणी आहे. शुद्ध आहे. घ्या." झालं! कुणाला घरी शेगडीवर ठेवलेली डाळ आठवायची, कुणाला अचानक एसटी गाठायची असायची. एक विमावाला तर "आत्ताच पिऊन आलो, आत्ताच पिऊन आलो" म्हणत इतक्या घाईनं पायरी उतरला की माझी चप्पल घालून गेला. त्याची चप्पल कितीतरी दिवस आमच्या दारात पडून होती.

मी म्हणायची, "अहो बाई, सांगता कशाला? गुपचूप द्यावं. पितील अन् जातील."

"न सांगता पाजायचं असेल तर ते पाणी कसलं? ते एक तर औषध, नाही तर विष."

"मग नळाचं द्या ना."

"नळाचं म्हशींना. पाहुण्याला घरातलं सगळ्यात चांगलं द्यायचं असतं, पोरी. माझ्या घरात सगळ्यात चांगलं हेच आहे."

 मला तसं तोंड आहे. हदगावची मी, आमच्या घरात गप्प बसणाऱ्याला आजारी समजतात. पण बाईंपुढं माझंही चालायचं नाही.

मी तेव्हा लातूरला पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत करारावर लागले होते. गावोगावच्या विहिरींचं, बोअरचं, टँकरचं पाणी बाटल्यांतून यायचं, आम्ही ते तपासून 'पिण्यास योग्य' किंवा 'पिण्यास अयोग्य' असं लिहून सही करायचो. लातुरात एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की घरमालक हजार प्रश्न विचारायचे. लग्न का नाही झालं, होणार कधी, घरी कोण कोण येणार. कंटाळून मी लातूरजवळच्या रेणापूरला खोली बघायला गेले. गावातलं कुणीही सांगेल, स्टँडवरचे लोक म्हणाले, गॅसबाईचं घर विचारा. दारात पांढऱ्या केसांच्या, उंच, हडकुळ्या बाई उभ्या होत्या. हातात शेणाची बादली. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मी पाणी तपासते एवढं सांगितलं, तर मला वरपासून खालपर्यंत बघून एकच प्रश्न विचारला, "पाण्यातलं क्लोराइड कसं मोजतेस?"

मी म्हटलं, "सिल्व्हर नायट्रेटनं."

"खोली तुझी," म्हणाल्या, आणि बादली घेऊन मागं गेल्या.

बाईंनीही लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही. मला का नाही, ते त्यांनी कधी विचारलं नाही. आमचं चांगलं जमलं ते याच्यावरच.

मागच्या अंगणात दोन म्हशी आणि त्यांच्या शेणावर चालणारा गोबरगॅस होता. गॅस निघून गेल्यावर टाकीतून काळसर, पातळ स्लरी बाहेर पडते. लोक ती उकिरड्यात सोडतात, फार तर शेतात नेतात. बाई ती जुन्या लुगड्याच्या चार घड्यांतून गाळायच्या. चोथा वेगळा ठेवायचा. गाळलेल्या पाण्यात खताच्या दुकानातलं मॅग्नेशियमचं मीठ टाकायचं आणि ड्रम झाकून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तळाशी पांढरी रेती बसलेली असायची. ती वाळवून बरणीत. हे झाडांचं जेवण. वरचं पाणी मग काळ्या रंगवलेल्या उथळ सिमेंटच्या हौदात ओतायचं. हौदावर पाडलेल्या कुठल्या तरी घराच्या खिडक्यांच्या काचा तिरप्या बसवलेल्या. आपल्याकडं उन्हाला काय तोटा! दुपार झाली की काचेला आतून घाम फुटायचा, थेंब ओघळत उभ्या चिरलेल्या पाइपात यायचे आणि तिथून स्टीलच्या डब्यात. कडक ऊन पडलं तर दिवसाला दोन-अडीच तांबे पाणी.

पांढरी रेती न्यायला मात्र माणसं यायची. मागच्या दारानं. कुणाच्या गुलाबाला, कुणाच्या मिरचीला. "बाई, चिमूटभर द्या ना, मागच्या वेळी लई मिरच्या लागल्या." द्यायच्या बाई, कागदाच्या पुडीत बांधून. माणूस पुडी घ्यायचा, आणि बाई पाणी आणायला वळल्या की बाई परत यायच्या आत फाटकाबाहेर. एकाच शेणातून निघालेलं एक चालतं, एक चालत नाही. बाईंना याचा राग यायचा नाही. पेला हातात धरून उभ्या राहायच्या थोडा वेळ, मग तो स्वतःच प्यायच्या आणि आत जायच्या. वरून गच्चीतून मी हे कितीदा तरी बघितलंय. बघू नये असं वाटायचं.

हे खूळ डोक्यात कसं शिरलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. गोबरगॅसला जेवढं शेण तेवढंच पाणी लागतं, बादलीला बादली. एका उन्हाळ्यात गावात प्यायला पाणी नव्हतं, टँकरवर डोकी फुटत होती, आणि बाई सकाळी नेमानं शेणात पाणी कालवत होत्या. शेजारच्या काकू भिंतीवरून बघत होत्या. त्या तडक आल्या, बाईंच्या हातातली बादली ओढून घेतली आणि म्हणाल्या, "माणसाला न्हाई अन् तुम्ही शेणाला पाजून राहिल्या? शिकवलं काय मग पोरांना एवढी वर्षं?" बाईंनी ती बादली काकूंनाच दिली. गॅस बंद केला. तो उन्हाळा चुलीवर काढला.

"ती खरंच बोलली गं," बाई मला म्हणाल्या. "पण ते पाणी गेलं कुठं होतं? शेणातच होतं ना. पाणी कुठं जात नसतं. मला फक्त ते परत काढून तिला नेऊन द्यायचं होतं. बादलीभर."

काढायला त्यांना बरीच वर्षं लागली. तोपर्यंत काकूंच्या अंगणात नळ आला होता.

मी राहायला गेले तेव्हाही पाणी पूर्ण जमलं नव्हतं. वाफेबरोबर अमोनिया उडून यायचा आणि पाण्याला गोठ्याचा वास मारायचा. ते तपासायची बाईंची स्वतःची पद्धत होती. कागदाच्या पट्टीला ओली हळद चोळायची, वाळवायची आणि पाण्याच्या डब्यावर टांगायची. अमोनिया असला की हळद लाल होते. घरभर त्या पट्ट्या असायच्या. पुस्तकात खुणेला, आरशाच्या कोपऱ्यात, देवघरात. बाहेरच्या माणसाला वाटायचं, बाई काहीतरी करणी-बिरणी करतात. एकदा काकूंच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या आणि हातावरची हळद पन्ह्याच्या पेल्यावर धरून बघितली म्हणे! त्यानंतर काकूंनी त्यांना तीन वर्षं बोलावलं नाही.

बाईंनी पहिली बाटली माझ्याकडं दिली तेव्हा मी रीतसर तपासली आणि लिहिलं, 'पिण्यास अयोग्य'. कागद देताना मला कसंतरी होत होतं. बाईंनी वाचला आणि चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. "खरं लिहिलंस. आता 'योग्य' लिहिशील तेव्हा मला भरवसा वाटेल." मग म्हणाल्या, "ॲसिड घालायला पाहिजे, पोरी. अमोनिया खालीच धरून ठेवेल."

बरोबरच होतं ते. पण शाळेत पोरांना ज्या बाईंनी आयुष्यभर 'थेंबाथेंबानं' हा शब्द तीनतीनदा म्हणायला लावला असेल, त्यांनी त्या दिवशी बॅटरीच्या दुकानातून आणलेली ॲसिडची अख्खी बाटली एकदम ओतली. उतावीळपणा, दुसरं काय! हौदातून असा फेस उठला की बस्स. काळपट तपकिरी, जाड. काचा उचलून बाजूला सारत तो बाहेर आला, अंगणातून भिंतीकडं निघाला आणि भिंतीखालच्या मोरीच्या भोकातून पलीकडं. पलीकडं काकूंनी जमिनीवर धोतर अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या.

"काय माय हे! बाई! ओ बाई! म्हैस फुटली काय तुमची?"

बाई स्वयंपाकघरात पळाल्या आणि गोडेतेलाचा डबा घेऊन आल्या. तेलानं फेस बसतो. बसला. पण महिन्याचं तेल हौदात आणि काकूंच्या कुरडया काळ्या. मी गच्चीवर पोट धरून हसत होते. आता आठवलं की आधी हसू येतं, मग पुढचं आठवतं. बाईंनी गहू आणले, तीन दिवस भिजवले, वाटले, चीक काढला, शिजवला, स्वतः कुरडया घातल्या आणि वाळवून, टोपलं भरून काकूंकडं नेल्या. काकूंनी टोपलं घेतलं, एक कुरडई हातात धरून उजेडात बघितली.

"गहू कंच्या पाण्यात भिजवले, बाई?"

"नळाच्या," बाई म्हणाल्या. "चांगलं पाणी गव्हात कशाला घालू?"

पुढं ॲसिड थेंबाथेंबानं पडायला लागलं. हळदीची पट्टी दिवसभर पिवळीच राहिली. दुसरी बाटली मी प्रयोगशाळेत नेली आणि दोनदा तपासली, कारण माझाच विश्वास बसेना. जंतू नाहीत, अमोनिया नाही, क्षार तर नावालासुद्धा नाहीत. मी लिहिलं, 'पिण्यास योग्य'. खाली माझी सही. बाईंनी तो कागद काचेच्या चौकटीत बसवून देवाशेजारी लावला. रोज सकाळी दिव्याबरोबर त्यालाही उदबत्ती ओवाळली जायची.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते.

माझ्या खोलीचा जिना अंगणातून वर जायचा. लातूरहून एसटीनं परत आले की मी तिसऱ्या पायरीवर टेकायची, चपला काढायची, पाय दाबत बसायची. रिपोर्ट आला त्या दिवसापासून बाई तिथं पाण्याचा पेला आणून द्यायला लागल्या. "घे. दमलीस." पेला माझ्या हातात द्यायच्या आणि लगेच वळायच्या. "दुधाकडं बघते, उतू जाईल." आत जायच्या. त्याच पायरीच्या कडेला मोगऱ्याची कुंडी होती.

पहिल्या दिवशी मी पेला ओठाला लावला. वास नव्हता, रंग नव्हता, माझ्याच सहीनं योग्य ठरलेलं पाणी. आणि घशाखाली उतरेना. मी गोठ्यात वाढलेली पोरगी. हातानं गोवऱ्या थापल्यात, शेणानं अंगण सारवलंय. किळस म्हणावी तर तीही नव्हती. पण तो पेला बघितला की मला मागचा काळा हौद दिसायचा आणि जबडा घट्ट मिटायचा. मी मोगऱ्यात ओतला. बाई दूध बघून आल्या, रिकामा पेला बघितला आणि असं हसल्या! त्या घरात मी त्यांना तसं हसताना आधी बघितलं नव्हतं. मग त्या पायरीवर बसल्या, आणि अंधार पडेपर्यंत गप्पा मारल्या. शाळेतल्या, पावसाच्या, एका विद्यार्थ्यानं चुंबक गिळला होता त्याच्या.

त्या हसण्यानंतर खरं कसं सांगणार? रोज तेच. पेला, दूध, मोगरा, गप्पा. दोन वर्षं. मोगरा मात्र कसा फुलायचा! हिरवागार, पानाला पान लागलेलं. मी मनात म्हणायची, बघा, माझ्यापेक्षा त्यालाच मानवतंय हे पाणी. आणि बाई गावभर सांगायच्या, "माझी भाडेकरू पिते ना रोज! पाणी तपासणारी आहे ती, उगीच पिईल का?"

हे आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुडला, त्यांच्या धाकट्या भावापर्यंत गेलं. भाऊ शेतकरी. साधा माणूस, बहिणीवर जीव असलेला. पण हे पाणी सुरू झाल्यापासून तो फाटकाच्या आत येत नव्हता. सणावाराला फाटकाबाहेर मोटारसायकल उभी करायचा, तुरीच्या डाळीची पिशवी भिंतीवर ठेवायचा आणि तिथूनच ओरडायचा, "अक्का, ठेवलंय गं!" आत आलं की पाणी आलंच, आणि मोठ्या बहिणीच्या हातचं पाणी नाकारायचं पाप नको, म्हणून बाहेरच.

त्या दिवशी मी एसटीतून उतरून आले तर भाऊ आत ओसरीवर बसलेला. पुढ्यात लग्नाची पत्रिका, कुंकवाच्या डब्या. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. समोर बाई, आणि मधे पाण्याचे दोन पेले.

बाई म्हणाल्या, "ही बघ, आली. विचार तिला."

भाऊ उठून उभा राहिला. त्यानं मला हात जोडले. "मॅडम, अक्का म्हणती, पाणी पिल्याशिवाय लग्नाला येत न्हाई. आमच्या घरात तिच्याशिवाय मोठं कोण हाय सांगा. मी पितो. खरंच पितो. फकस्त तुम्ही माझ्यासमोर आधी प्या. रोज पिताच की. मला जरा धीर येईल."

बाईंनी पेला माझ्या हातात दिला. या वेळी दुधाकडं जायचं नव्हतं. त्या माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर, काय सांगू, परीक्षेला पोर बसवलेल्या आईसारखं काहीतरी होतं.

मी पेला उचलला. मनात म्हटलं, औषध समज, देवाचं तीर्थ समज, काहीही समज, पण गीळ. पाणी ओठाला लागलं. तोंड उघडेना. आयुष्यभर जे तोंड बंद राहिलं नाही, ते त्या वेळी उघडलं नाही. असा उमासा आला की मी पेला खाली ठेवून तोंडावर हात धरला. तो आवाज दोघांनीही ऐकला.

 भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. पत्रिका उंबऱ्यावर ठेवून, वर अक्षता टाकून तो म्हणाला, "ये गं अक्का, जमलं तर." आणि गेला.

मी तिथंच उभी. जमीन फाटली तर बरं, असं लोक म्हणतात ना, तसं झालं होतं. बाईंनी दोन्ही पेले उचलले. एक त्या प्यायल्या, मग दुसराही प्यायल्या. मला म्हणाल्या, "घसा बसलाय वाटतं तुझा. मिठाच्या गुळण्या कर." बाई लग्नाला गेल्या नाहीत.

मला वाटलं, आता मला खोली सोडायला सांगतील. सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर न टेकता वर जायला निघाले, तर मागून आवाज आला, "बस की." पेला पुढं आला. "घे. दमलीस." आणि बाई वळल्या. "दुधाकडं बघते."

मी तो पेलाही मोगऱ्यात ओतला. इतकी भेकड निघाले मी.

काही महिन्यांनी मला नांदेडला कायमची नोकरी लागली. निघताना बाईंनी मोगऱ्याची कुंडी टेंपोत चढवली. "घेऊन जा. तुझ्या हाताची सवय आहे त्याला." मी त्यांच्याकडं बघितलं. त्या टेंपोवाल्याला कुंडी कशी धरायची ते सांगत होत्या. मी वाकून पाया पडले आणि निघाले.

नांदेडला माझ्या बाल्कनीत मोगरा तीन-चार महिने बरा होता. मग पानं पिवळी पडायला लागली. पाणी रोज घालत होते, ऊन होतं, तरी पिवळी. फूल नाही की कळी नाही. बाईंना फोन करायचं निमित्त मी तशीही शोधत होते.

"बाई, मोगरा जायला लागलाय."

"रेती घालतेस का?"

"कसली रेती?"

"माझी पांढरी रेती गं! दर सोमवारी चिमूटभर घालायची मी, तू एसटीला गेलीस की. नुसत्या पाण्यावर कुठं जगतंय ते? आणि माझ्या पाण्यात तर काहीच नसतं. उलट मातीतलं असेल नसेल ते धुऊन नेतं. दीड महिन्यातच पिवळा पडला होता की तेव्हा."

 फोन कानाला धरून मी बाल्कनीत खाली बसले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"जिना माझा, कुंडी माझी."

"पहिल्यापासून?"

"मोगऱ्याखालची पायरी रोज ओली, पोरी. मी विज्ञान शिकवलंय."

"मग बोलला का नाहीत, बाई? निदान भावासमोर तरी तो पेला माझ्या हातात..."

"वाटलं होतं, पिशील त्या दिवशी. माझ्यासाठी."  मग म्हणाल्या, "बोलले असते तर तू पायरीवर बसली असतीस का रोज? एवढी वर्षं कुणी बसलं नव्हतं गं. ठेवते. दूध उतू जाईल."

मला त्या दिवशी रडू आलं, आणि मला सहसा येत नाही. पुढच्याच रविवारी मी पहाटेची गाडी धरून लातूरला उतरले आणि तिथून रेणापूरची एसटी पकडली. एकच ठरवलं होतं. जायचं, तिसऱ्या पायरीवर बसायचं आणि पेलाभर पाणी प्यायचं.

फाटक उघडं होतं. आत गेले तर ओसरीवर काकू पाय पसरून शेंगा सोलत बसलेल्या. काकू, बाईंच्या ओसरीवर! कोपऱ्यात स्टँडवर विकतच्या पाण्याचा निळा जार, वर उपडा पेला. बाई बाहेर आल्या. वाळल्या होत्या आणखी. मला बघून चेहरा उजळला. जारची तोटी उघडून त्यांनी पेला भरला आणि माझ्या हातात दिला.

"घे. जारचं आहे. निवांत पी."

मी देवघराकडं बघितलं. माझा रिपोर्ट तिथं नव्हता. तो चौकटीसकट इन्व्हर्टरच्या वर भिंतीला टांगलेला होता.

"आता बॅटरीला घालते ते पाणी," बाई म्हणाल्या. "बॅटरीला बिनक्षाराचंच लागतं ना. सगळी गल्ली नेते."

"लई भारी पाणी हाय बाईचं," काकू शेंगा फोडत म्हणाल्या. "आमची बॅटरी चार महिने झाले, बघावं लागलं न्हाई. हाव ना बाई? आधी सांगायचं की, बॅटरीचं हाय म्हणून."

"भाऊ येतो आता," बाईंनी सांगितलं. "मागच्या महिन्यात जेवून गेला." आवाजात आनंद नव्हता, दुःखही नव्हतं. सांगायचं म्हणून सांगितलं. वर्गात हजेरी घेताना असतो तसा आवाज.

सगळे येत होते, बसत होते, जारचं पाणी पीत होते. बाईंनी कुणाला काही सांगायचं सोडून दिलं होतं. त्यांनी हे केव्हा सोडलं, ते मला विचारायची गरज नव्हती. मी गेले आणि सोडलं.

काकू गेल्यावर मी जारचा पेला तसाच ठेवला आणि अंगणात येऊन तिसऱ्या पायरीवर बसले. बाई दारात उभ्या होत्या.

"बाई, मला तुमचं पाणी द्या."

"बॅटरीचं आहे गं ते."

"असू द्या. दमलेय मी."

 बाई आत गेल्या. स्टीलच्या डब्याचं झाकण वाजलं. पेला घेऊन आल्या, माझ्या हातात दिला आणि लगेच वळल्या. "दुधाकडं बघते."

या खेपेलाही त्यांनी मला वाट मोकळी ठेवली होती. मी पेला उचलला. काळा हौद दिसला, दिसू दिला. पहिला घोट तोंडातच फिरला. मग मी डोळे मिटले आणि सगळं प्याले, तळाच्या थेंबापर्यंत. चव कसलीच नव्हती. नुसतं ओलं, कोमट, दिवसभराच्या उन्हातलं.

बाई बाहेर आल्या. आधी रिकाम्या पेल्याकडं बघितलं. त्यांना त्याची सवयच होती. मग त्यांची नजर पायरीच्या कडेला गेली. तिथं कुंडी नव्हती. कुंडीच्या बुडाचा गोल डाग तेवढा होता, आणि कुंडी तर नांदेडला. बाई खाली वाकल्या. त्या डागावर, पायरीवर, खालच्या मातीवर त्यांनी तळवा फिरवला. सगळं कोरडं होतं.

त्यांचा हात तिथंच राहिला थोडा वेळ. मग त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला.

"अजून आणू?"

"आणा," मी म्हटलं.

त्या आणायला गेल्या, आणि आतून दूध उतू गेल्याचा वास आला. परत आल्या तेव्हा पेला काठोकाठ भरलेला होता. मला देऊन त्या पायरीवर माझ्याशेजारी बसल्या, आणि मी पिऊन होईपर्यंत माझ्याकडं बघत राहिल्या.